कागद, शाई आणि ब्लू टिक

त्या रविवारी चर्चच्या उपासनेत दुसरा शास्त्रपाठ चालू असताना मागे उभे असलेले एक पंच हळूच आमच्या बाकापर्यंत आले, थोडे वाकले आणि आईच्या हातातल्या फोनकडे बघून त्यांनी तळहात उपडा केला. म्हणजे बंद करा. दाराशी तसा कागद चिकटवलेला आहेच, हिंदीत, लाल अक्षरांत. आई ऐंशीच्या पुढची आहे. तिचं काळ्या बांधणीचं, लाल कडांचं मराठी पवित्र शास्त्र घरी कपाटात आहे, पण मोतीबिंदू काढल्यानंतरसुद्धा तिला त्यातली बारीक अक्षरं लागत नाहीत. आमच्या मंडळीची उपासना हिंदीत होते. त्यामुळे कानावर हिंदी आणि डोळ्यांपुढे मराठी, अशी सोय तिने स्वतःच लावून घेतली आहे. फोनवर ती दोन बोटांनी अक्षरं फाकवत नेते, इतकी की एका वेळी जेमतेम एक वचन पडद्यावर मावतं. पंचांनी खूण केली तेव्हा ती काही बोलली नाही. बाजूचं बटण दाबलं, फोन पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि उरलेला वेळ हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली.

नंतर इंदूरच्या छावनीत पोहे खाताना मी कुरकुर केली, तर तिनेच मला गप्प केलं. "त्यांचं बरोबर आहे गं. मागच्या बाकावरची पोरं स्कोअर बघतात. त्यांना काय माहीत मी काय वाचतेय." आणि पोह्यांवरचा जीरावन मसाला जरा जास्तच भुरभुरून घेतलं. ते पंच माणूस म्हणून खरंच चांगले आहेत. वडील गेले तेव्हा कबर खणून घेण्यापासून आल्यागेल्यांच्या चहापर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं होतं. त्यामुळे राग वगैरे टिकला नाही. मला टोचलं ते दुपारी.

दुपारी जेवण झालं की आई आडवी होते आणि फोन उशीला टेकवून ठेवते. त्या दिवशी पडद्यावर नेहमीचा तो उपदेशक होता. पांढरा सूट, मागे की-बोर्डवर एकच सूर लांबवत ठेवलेला, खालच्या पट्टीवर पैसे पाठवायचा क्यूआर कोड. तो कुठल्या गावचा, कुठल्या पंथाचा, त्याला दीक्षा कुणी दिली, आईला काहीही ठाऊक नाही. "स्क्रीनवर हात ठेवा," तो म्हणाला, आणि आईने ठेवला. "आज सूर्य मावळायच्या आत तुमच्या घरातली गाठ सुटणार आहे. विश्वास असेल तर आमेन लिहा." आईला टाइप करता येत नाही, ती माइकची खूण दाबून बोलते. ती अगदी मनापासून "आमेन" म्हणाली आणि फोनने लिहिलं, "आम्ही नं". ते तसंच गेलं. हजारो आमेनांच्या रांगेत इंदूरहून एक 'आम्ही नं'.

मला हसू आलं आणि लगेच आवरलं. सकाळी देवळात जो फोन पर्समध्ये गेला होता, तोच हा. तिथे वचन वाचायलाही चालत नाही, आणि इथे भर दुपारी कुणीही अनोळखी माणूस येतो, तिला हात ठेवायला लावतो, आशीर्वाद देतो, हिशेब करतो आणि निघून जातो.

आमचे पास्टरसाहेब या दुपारी कुठेच नसतात.

म्हणजे असतात. एमवाय हॉस्पिटलच्या वॉर्डात कुणाच्या तरी खाटेपाशी उभे असतात, नाहीतर मोटारसायकलवरून सुदामा नगरला कुणाच्या वास्तूची प्रार्थना करायला निघालेले असतात. झाबुआकडचा माणूस, उन्हाला न बधणारा. त्यांच्याकडे घरभेटींची एक जाड वही आहे. तारीख, घर, कोण आजारी, कुणाच्या मुलीचं जमतंय, कुठलं वचन वाचलं. वहीचे कोपरे तेलकट झालेत. हा माणूस आईला नावाने ओळखतो, तिचा कुठला गुडघा दुखतो हे त्याला माहीत आहे. पांढऱ्या सुटातल्याला यातलं काहीच माहीत नाही. तरी दुपारचे तीन वाजले की तो हजर, आणि ज्याला सगळं माहीत आहे तो महिन्यातून एकदा, झालं तर. मी आईला एकदा जरा तिरकसपणेच विचारलं होतं की त्यात एवढं काय ऐकतेस. ती म्हणाली, "तो 'माँ' म्हणून हाक मारतो. बोलतो तरी." यावर काय बोलणार? वडील गेल्यापासून तिच्या दुपारी लांबल्या आहेत आणि मी बँकेत असते.

हे सगळं आईपुरतं असतं तर मी सोडूनही दिलं असतं. पण आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी असाच एक व्हिडिओ बघून साखरेची गोळी बंद केली. बरं व्हायचं असेल तर औषध म्हणजे अविश्वास, असं काहीतरी त्यात होतं. घरच्यांच्या लक्षात आलं तोवर त्या चांगल्याच आजारी पडल्या होत्या. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, पास्टरसाहेबांनी त्याच्या थोडं आधी याच विषयावर फार सुंदर उपदेश केला होता. लूक वैद्य होता, पौलाने त्याला प्रिय वैद्य म्हटलंय, देवाच्या माणसाबरोबर गावोगाव एक डॉक्टर हिंडत होता, तेव्हा गोळी घ्या आणि प्रार्थनाही करा. बाकांवर हशा पिकला होता. काकू त्या रविवारी आल्या नव्हत्या. जे वाक्य त्यांना ऐकायला हवं होतं ते देवळाच्या चार भिंतींत बोललं गेलं आणि तिथेच विरलं. जे ऐकायला नको होतं ते त्यांच्या उशाशी रोज पुन्हा पुन्हा वाजत राहिलं.

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. तिच्या हॉस्टेलमधल्या एका मुलीने जीव दिला. त्यानंतर कित्येक दिवस भाची रात्री जागी असायची. अशा माणसाचं पुढे काय होतं, देव त्याला घेतो की नाही, हा प्रश्न तिने कुणाला विचारला असेल? फोनला. तिथे एका परदेशी माणसाने इंग्रजीत, एका मिनिटात, नरकाचा रस्ता दाखवून टाकला. दुसऱ्याने तेवढ्याच वेळात उलट सांगितलं. तिसऱ्याने तिला कसल्याशा कोर्सची जाहिरात दाखवली. हे तिने मला खूप नंतर सांगितलं, स्कूटी लावता लावता, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, अगं पास्टरसाहेबांना विचारायचंस. तर म्हणाली, "आत्या, त्यांना कधी विचारू? ते घरी येतात तेव्हा सगळे बैठकीत बसतात. पप्पा बाजूला, आजी समोर, आई चहा घेऊन. त्यात मी हे विचारू?"

मी यावर खूप दिवस विचार करत राहिले. घरभेट ही आमच्याकडे किती मोलाची गोष्ट मानली जाते! आणि त्या घरभेटीत एकोणीस वर्षांच्या मुलीला एकटीने तोंड उघडायला जागाच नाही. निकदेम येशूकडे रात्री गेला होता. परुशी, यहुद्यांचा अधिकारी, मोठा माणूस. दिवसाढवळ्या विचारणं त्याला जड गेलं असणार. त्याला 'उद्या सकाळी सगळ्यांबरोबर ये' असं कुणी सांगितलं नाही. आजचे निकदेमही रात्रीच येतात, साधारण बारा-साडेबाराला, अंगावर पांघरूण घेऊन, ब्राइटनेस कमी करून. दार ज्याचं उघडं असेल तिथे जातात.

आमच्या वडिलांना हे फार चटकन पटलं असतं असं मला वाटतं. ते मूळचे नगरचे, नोकरीसाठी इंदुरात आले आणि इथलेच झाले. मालवी हिंदी त्यांच्या जिभेवर चढली, सेव त्यांच्या ताटात चढली, पण टपालाने येणारं ज्ञानोदय हे ख्रिस्ती पत्र त्यांनी कधी बंद केलं नाही. अंक आला की कागदी पट्टी ते फाडत नसत, सरकवून काढत, आणि ती पट्टी पवित्र शास्त्रात खूण म्हणून राही. रात्री कंदिलाइतक्याच मंद बल्बखाली ते आम्हाला वाचून दाखवत. कुठल्या गावची मंडळी, कुणाचं लग्न, कुणाला देवाज्ञा झाल्याचं वृत्त, मग एखादा लेख ज्यातलं मला काहीच कळत नसे. पण इंदुरातल्या दोन खोल्यांमध्ये बसून नगर, सोलापूर, वाई, जालना असा सगळा गोतावळा घरात आल्यासारखं वाटे. १८४२ साली नगरच्या अमेरिकन मिशनने हे पत्र सुरू केलं तेव्हा मराठीत नियतकालिक काढणं म्हणजे काय चीज असते हे ठाऊक असलेली माणसंही मोजकीच होती. बाळशास्त्रींचं दर्पण त्याच्या दहाच वर्षं आधीचं. मिशनरी तेव्हा असं म्हणाले नाहीत की छापखाना ही बाजारू गोष्ट आहे, लोकांना देवळात येऊ द्या मग बघू. उलट त्यांच्या मुंबईच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे पाडण्याचं कसब तयार झालं, आणि तिथे हात बसलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभा केला, ज्यातून अवघ्या मराठी घरांत संस्कृत पोथ्या पोचल्या. साधन एकदा हातात घेतलं की ते कुणाकुणाच्या कामाला येईल हे घेणाऱ्याच्या हातात राहत नाही, हा त्यातला वेगळाच मजेचा भाग.

त्याच्याही आधी, गोव्यातल्या फादर स्टीफन्सनी ओवीत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीत छापावं लागलं, कारण देवनागरी खिळे हाताशी नव्हते. व्हॉट्सॲपवर रोमनमध्ये मराठी लिहिणाऱ्या पोरांना नावं ठेवणाऱ्या आमच्या मंडळीतल्या आजोबांना मी हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

आणि टिळक. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट आमच्या घरांमध्ये इतक्या वेळा सांगितली जाते की ती आता गोष्टीसारखीच गुळगुळीत झाली आहे. राजनांदगावला जाणारी आगगाडी, डब्यातला तो युरोपियन माणूस, त्याने दिलेला नवा करार. पण मला अलीकडे त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त ओढतो. पुस्तक वाचल्यावर टिळकांच्या मनात प्रश्नांचं काहूर माजलं, तेव्हा ते उठून कुठल्या बंगल्यावर गेले नाहीत. एका मिशनरी नियतकालिकाच्या संपादकाशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. प्रश्न लिहायचा, पाकीट टाकायचं, वाट बघायची. तिकडून उत्तर येई. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा झाला तो या सगळ्याच्या नंतर. त्या संपादकाने जर ठरवलं असतं की अनोळखी माणसाच्या पत्रांना उत्तरं देणं हे काही आपलं खरं काम नाही! पुढे टिळक स्वतः ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादक झाले, कीर्तनाला उभे राहिले. टाळ-वीणा घेऊन ख्रिस्ताची कथा सांगायची हे आज आम्हाला अगदी आपलं वाटतं. तेव्हा ते माध्यम दुसऱ्यांच्या अंगणातलं होतं.

२०२० मध्ये आमच्या मंडळीलाही एकदा पाण्यात ढकललं गेलं होतं. इंदुरात कर्फ्यू, रस्त्यावर कुत्रीसुद्धा बुजलेली, रोज आकडे वाढत चाललेले. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार झावळ्यांशिवाय गेला. गुड फ्रायडेला पास्टरसाहेबांनी उपासना-संगीताच्या पुस्तकांच्या चवडीला फोन टेकवला आणि फेसबुकवर वधस्तंभावरची सात वचनं सांगितली. चित्रात त्यांची हनुवटी आणि वरचा पंखा, एवढंच. तिसऱ्या वचनाला आवाज गेला, पाचव्याला आला. पण खाली एकेक सलाम येत गेले. पुण्याहून, बेंगळुरूहून, टोरंटोहून. ज्यांना आम्ही 'बाहेर गेलेले' म्हणून मनातल्या मनात वजा केलं होतं ती सगळी पोरं. सुदामा नगरातल्या एक आजी, खुब्याचं हाड मोडल्यापासून कित्येक वर्षं देवळात न आलेल्या, त्या दिवशी पांढरी साडी नेसून, केस विंचरून खुर्चीत बसल्या होत्या, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. त्याआधी काही दिवस आम्ही रात्री उशिरा जागून पोपना बघितलं होतं, भर पावसात, रिकाम्या चौकात एकटेच चालत निघालेले. आम्ही काही कॅथलिक नव्हे. पण आई म्हणाली होती, म्हातारा भिजतोय, कुणी छत्री धरा रे.

मग देवळं उघडली. आम्ही सगळे आनंदाने परत गेलो आणि लाइव्ह बंद झालं. ते बंद करायचं असं कुणी ठरवलंसुद्धा नाही. आपण आलो म्हणजे सगळे आले, असं धरून चाललो. त्या आजींनी पुढचे काही रविवार साडी नेसून फोन लावून बघितला म्हणे.

हे सगळं डोक्यात साठलं होतं म्हणून मी एका संध्याकाळी पास्टरसाहेबांना गाठलं. वेस्ट्रीत, म्हणजे देवळातल्या त्यांच्या खोलीत, स्टीलच्या पेल्यातला गोड चहा समोर ठेवून. त्यांनी माझं नीट ऐकून घेतलं आणि मग सरळ पवित्र शास्त्रातलं योहानाचं दुसरं पत्र काढलं. बघा दीदी, म्हणाले, तो काय म्हणतो. मला पुष्कळ लिहायचं आहे, पण कागद आणि शाईने नको. तुमच्याकडे येऊन तोंडोतोंड बोलेन, म्हणजे आपला आनंद पूर्ण होईल. आणि तिसऱ्या पत्रातही तेच पुन्हा. मी म्हटलं, साहेब, पण हे त्याने लिहिलंय कशावर? ते हसले, पेला खाली ठेवला, आणि मग बराच वेळ आमचं पत्रांवरच बोलणं झालं. पौल सांगत जायचा आणि तर्तिय लिहून घ्यायचा, हे रोमकरांस पत्राच्या शेवटी त्या तर्तियानेच सलाम करून सांगितलंय. त्याच शेवटच्या अध्यायात पौल फिबीची शिफारस करतो, पत्र बहुधा तिच्याच सामानातून रोमला गेलं. आणि करिंथची मंडळी कुजबुजायची की याची पत्रं वजनदार, पण प्रत्यक्षात बघावं तर माणूस किरकोळ. आजकाल फोटो आणि माणूस यांच्यात फरक निघाला की पोरं म्हणतात तेच.

पण ते मनमोकळं हसणं ओसरल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला खोडता आलं नाही. "दीदी, आप बैंक में हैं," एवढ्यानेच त्यांनी सुरुवात केली. आमच्या राज्यात धर्मस्वातंत्र्याच्या नावाचा, पण धर्मांतराला आळा घालणारा कायदा १९६८ पासून आहे, २०२१ मध्ये तो नव्याने आणि कडक होऊन आला. पास्टर म्हणाले, मी आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो, ती आजाऱ्याच्या खाटेशी प्रार्थना असते. तीच कुणी फोनवर घेतली, पुढचं-मागचं कापलं, वर दोन ओळी लिहिल्या आणि फिरवली, तर ती काय होईल? माझी पोरं शाळेत जातात, मंडळीतली माणसं नोकऱ्या करतात. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मोटारसायकलचे ब्रेक ढिले झालेत, इतक्या सहज सांगत होते. तेव्हा मला कळलं की दारावरच्या त्या लाल अक्षरांतल्या कागदामागे क्रिकेटचा स्कोअर एकटाच नाही. मी आतापर्यंत त्यांना मनातून जुन्या वळणाचे ठरवून बसले होते.

तरीही मी म्हटलं, आणि अजूनही म्हणते, की न बोलल्याने आपण झाकले जात नाही. आमच्या गल्लीतल्या कुलकर्णी-देशपांड्यांच्या घरांत ख्रिस्ती माणूस म्हणजे एक तर नाताळला करंज्या आणि केक देणारी मी, नाहीतर त्यांच्या फोनवर फिरत येणारा तो पांढऱ्या सुटातला, लोकांना ढकलून पाडणारा. मधलं काही नाहीच. एमवायच्या वॉर्डात उभा राहणारा माणूस त्यांना दिसत नाही. आपल्याबद्दल जे बोललं जातंय त्यात आपला आवाज नसला तर ते बोलणं थांबत नाही, एकतर्फी होतं इतकंच.

आता मला स्वतःला या बाबतीत फार उत्साह आहे असं कुणी समजू नये. सूर्योदयाच्या चित्रावर वचन चिकटवून रोज पहाटे साडेपाचला पाठवणारी मंडळी मी म्यूट करून ठेवली आहेत, त्यात दोन नातेवाईक आणि एक आर्चडीकन आहेत. रिंग लाइटच्या उजेडात डोळे मिटून घळाघळा रडणारे सेवक बघितले की मला घाम फुटतो. ड्रोनने वरून घेतलेला देवळाचा शॉट, त्यावर ढोल, मग पाळकांची हळूहळू चालत येणारी आकृती, हे बघून कुणाची श्रद्धा वाढते ते प्रभूच जाणे. सगळ्यांनी उपदेशक-नट व्हावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट, उपदेश चढवायची एवढी घाई नकोच. पुढाऱ्यांना इंटरनेटवर जायचं म्हटलं की पहिल्यांदा माइकच का आठवतो? ज्या वहीत ते घरोघरची दुखणी टिपतात, तिचंच पुढचं पान हे समजून गेले तरी पुरे.

कॅथलिक लोक यात आमच्यापेक्षा शहाणे निघाले, हे मी मान्य करते, जरा नाखुशीनेच. १९३१ साली व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला तेव्हा यंत्र उभारून द्यायला खुद्द मार्कोनी आला होता, आणि अकरावे पायस पहिल्यांदा बोलले ते लॅटिनमध्ये. २०१२ च्या डिसेंबरात पंच्याऐंशी वर्षांच्या बेनेडिक्ट सोळाव्यांनी आयपॅडवर बोट टेकवून पहिलं ट्वीट केलं, आणि काही आठवड्यांत लॅटिनचंही खातं निघालं. लॅटिनमध्ये ट्वीट, म्हणजे हद्द झाली! ग्रंथालयात रमणारा, पुस्तकी, लाजाळू माणूस तो. त्याला हे आवडलं असेल असं मला वाटत नाही. आवडीचा प्रश्नच नव्हता बहुधा. मग तो कार्लो अकुतिस, घरच्या कॉम्प्युटरवर वेबसाइट बनवणारा मुलगा, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला आणि २०२५ च्या सप्टेंबरात संतपदाला पोचलेला. असिसीत त्याला जीन्स आणि बुटांत ठेवलंय. भाचीने मला फोटो दाखवला तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "याचे शूज बघ." तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं होतं. आणि २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने सोशल मीडियावर कसं असावं याबद्दल जे चिंतन काढलं, त्याचा कणा चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. रस्त्याच्या कडेला पडलेला दिसला तर थांबायचं. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले, ते काही वाईट माणसं होती असं दाखल्यात कुठे म्हटलेलं नाही. त्यांना कामं असतील.

माझ्या या वेस्ट्रीतल्या वकिलीने काही क्रांती झाली नाही. पंचांच्या सभेत लाइव्हचा विषय निघाला आणि पंख्याच्या खर्चाच्या विषयाखाली गाडला गेला. पण सुदामा नगरच्या आजींना आता शनिवारी रात्री पास्टरसाहेबांचा आवाज जातो, रेकॉर्ड केलेला, तीन-चार मिनिटांचा, फक्त त्यांच्यासाठी, त्यांच्या नावाने सुरू होणारा. मागे पास्टरसाहेबांच्या घरातला मिक्सर ऐकू येतो, कधी मुलगा काहीतरी विचारतो. असे किती जणांना पाठवतात ते मला सांगत नाहीत, वहीत मात्र नव्या खुणा दिसल्या. साखरेच्या गोळीचा विषयही त्यांनी तसाच हाताळला, लूक वैद्याची गोष्ट पुन्हा सांगून, आणि ते रेकॉर्डिंग मंडळीच्या बाहेरही फिरलं. त्यात कापून फिरवण्यासारखं काही नव्हतं.

तरुण संघाच्या ग्रुपमध्ये ते गेले तेव्हा आधी दोन दिवस तिथे शुकशुकाट होता. मग भाचीने सुचवलं की ग्रुपवर नका बोलू, फक्त लिहा की रात्री नऊनंतर ज्याला एकट्याने काही विचारायचं असेल त्याने विचारावं, नाव कळणार नाही कुणाला. त्यांनी तसं लिहिलं, हिंदीत, खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि पदवीसकट, अर्जावर लिहितात तसं. पोरांनी त्याची टिंगल केली असणार. पण प्रश्न आले. भाचीने आपला विचारला की नाही हे मी तिला विचारलेलं नाही. बेंगळुरूच्या एका मुलाने, आमच्याच मंडळीत लहानाचा मोठा झालेल्या, काहीतरी लांबलचक लिहिलंय एवढं पास्टर मला म्हणाले, काय ते सांगितलं नाही. मोटारसायकलने जाता येण्यासारखं ते घर नाही.

आणि यातूनच परवा ते माझ्यावर चिडले. "दीदी, ये नीली टिक किसने बनाई?" मी वाचलं की समोरच्याला लगेच कळतं, तो उत्तराची वाट बघत बसतो, आणि मला तर रात्रभर विचार करायचा असतो, सकाळी प्रार्थना करायची असते, मग लिहायचं असतं. मी म्हटलं, बंद करता येते ती, आणि सेटिंगमध्ये जाऊन करून दिली. थोड्या वेळाने म्हणाले, पण मग त्याला वाटेल मी वाचलंच नाही. पुन्हा चालू केली. शेवटी त्यांनी आपणच तोडगा काढला: निरोप वाचला की आधी 'पढ़ लिया, सोच रहा हूं' एवढं टाकायचं, आणि मग हवा तितका वेळ घ्यायचा. बेंगळुरूच्या मुलाने त्यावर नुसता अंगठा पाठवला. या अंगठ्याचा अर्थ ठीक आहे असा घ्यायचा की रागावलाय असा, हे विचारायला त्यांचा मला फोन आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.